व्होल्टेज वाढवलं तर करंट कमी कसा होतो? ट्रान्सफॉर्मर मुळापासून समजून घेऊ

शाळेत आधी ओहमचा नियम शिकवतात, की व्होल्टेज वाढवलं की करंट वाढतो. आणि चार धडे पुढे गेलं की तेच पुस्तक सांगतं, वीज लांब न्यायची असेल तर ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज वाढवतात म्हणजे करंट कमी होतो. आता ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी कशी? बऱ्याच जणांना हा प्रश्न पडतो, पण वर्गात विचारायचा धीर होत नाही, मग पाठ करून पेपर लिहून मोकळे होतात आणि ट्रान्सफॉर्मर म्हणजे काहीतरी जादूचा डबा हा समज कायमचा डोक्यात बसतो. प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर कळलं की अर्धा ट्रान्सफॉर्मर कळला असं मला मनापासून वाटतं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आधी साधं गणित. वीज पोचवायची म्हणजे खरं तर पॉवर पोचवायची, आणि पॉवर म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. समजा दूर कुठेतरी १००० किलोवॉट लागणार आहेत. ते १०,००० व्होल्टवर पाठवले तर करंट १०० अँपिअर, आणि १,००,००० व्होल्टवर पाठवले तर फक्त १० अँपिअर. पॉवर तेवढीच, वाटेतली तारही तीच. पण त्या तारेला तिचा स्वतःचा रेझिस्टन्स असतो, जायची-यायची मिळून १ ओहम धरू, आणि तारेत जी उष्णता वाया जाते ती करंटच्या वर्गाच्या हिशोबाने जाते, म्हणजे करंट गुणिले करंट गुणिले रेझिस्टन्स. १०० अँपिअरला १०,००० वॉट गेले, हजार किलोवॉटमधले १० किलोवॉट. १० अँपिअरला गेले फक्त १०० वॉट, म्हणजे जुन्या पद्धतीच्या एका बल्बएवढे. आणि हीच पॉवर १००० व्होल्टवर पाठवायला गेलात तर करंट हवा १००० अँपिअर, आणि १ ओहमच्या तारेतून १००० अँपिअर ढकलायलाच १००० व्होल्ट लागतात, म्हणजे सगळं व्होल्टेज वाटेत तारच खाणार आणि पलीकडे काहीच पोचणार नाही. थोडक्यात व्होल्टेज दहापट केलं की नुकसान शंभरपट कमी होतं, आणि ही शंभरपट त्या वर्गामुळे येते.

मग ओहमचं काय झालं? मेख अशी आहे की ओहमच्या नियमात जे व्होल्टेज घालायचं ते त्याच वस्तूच्या दोन टोकांमधलं. तारेचा रेझिस्टन्स घेतला तर व्होल्टेजही तारेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचं घ्यायला हवं, आणि ते १,००,००० नाहीच मुळी. लाइनला १,००,००० व्होल्टची लाइन म्हणतात ते जायच्या तारेत आणि परतीच्या तारेत जो फरक आहे त्यावरून. तारेच्या स्वतःच्या दोन टोकांमध्ये फरक किती, तर १० अँपिअर गुणिले १ ओहम, म्हणजे १० व्होल्ट. झालं, ओहमचा नियम तंतोतंत पाळला गेला. आपण चुकीचं व्होल्टेज चुकीच्या रेझिस्टन्सला लावत होतो एवढंच. पलीकडे जो लोड, म्हणजे वीज वापरणारं जे काही, बसलाय तो लाइनवर थेट बसलेला नाही, मध्ये अजून एक ट्रान्सफॉर्मर आहे, आणि त्या ट्रान्सफॉर्मरमधून बघितलं की तोच लोड लाइनला फार मोठ्या रेझिस्टन्ससारखा दिसतो. १०० व्होल्टवर १०० अँपिअर घेणारा लोड म्हणजे १ ओहम. तोच १० ला १ प्रमाणाच्या ट्रान्सफॉर्मरमागे ठेवला तर वरच्या बाजूने १००० व्होल्टवर १० अँपिअर घेताना दिसेल, म्हणजे १०० ओहम. दहापट व्होल्टेज, शंभरपट ओहम. व्होल्टेज वाढलं पण रेझिस्टन्स त्याहून जास्त वाढला, म्हणून करंट कमी. माझ्या मते हे एक वाक्य पुस्तकात ठळक छापायला हवं आणि नेमकं तेच कुठे सापडत नाही.

ट्रान्सफॉर्मर नव्हते तेव्हा काय हाल होते ते बघा. एडिसनने ४ सप्टेंबर १८८२ ला न्यूयॉर्कमध्ये पर्ल स्ट्रीटचं वीजघर चालू केलं, ११० व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज. दिवे घरात लावायचे म्हणजे व्होल्टेज घरात चालेल एवढंच ठेवावं लागणार, आणि डीसीचं व्होल्टेज वाटेत सहज कमीजास्त करायची सोय तेव्हा नव्हती, त्यामुळे तांब्याच्या जाडजूड केबल टाकूनही वीज वीजघराच्या आसपासच्या वस्तीपुरतीच पोचायची. धबधबा एकीकडे आणि शहर दुसरीकडे असेल तर उपयोग शून्य. त्यानंतर नऊच वर्षांनी, १८९१ मध्ये, जर्मनीत लाउफेन नावाच्या गावातल्या नदीवर बनवलेली वीज १७५ किलोमीटरवरच्या फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात नेऊन दिवे पेटवून दाखवले. जनरेटरमधून वीज निघत होती शंभर व्होल्टच्याही आत, ती ट्रान्सफॉर्मरने सुमारे १५,००० व्होल्टवर नेली, फक्त ४ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तीन तारांवरून पाठवली, आणि तिकडे परत खाली उतरवली. चारातले तीन भाग वीज पोचली. त्या दिवसानंतर लांबवर वीज न्यायची कशी हा वाद जवळजवळ मिटलाच.

आता डब्याच्या आत. माझ्याकडे एका जुन्या अँप्लिफायरमधून काढलेला गोल ट्रान्सफॉर्मर आहे, कड्यासारखा, मध्ये आरपार भोक, मुठीपेक्षा थोडा मोठा पण उचलला की चांगला जड लागतो. याला टोरॉइड म्हणतात. आत पोलादी पट्टी घट्ट गुंडाळून केलेलं कडं आहे, म्हणजेच कोर, त्यावर इनॅमलचा थर दिलेल्या तांब्याच्या तारेचे शेकडो वेढे, आणि वरून पिवळी टेप. त्याच्या प्रायमरीला, म्हणजे तारेच्या ज्या गुंडाळीला (वाइंडिंगला) आपण वीज देतो तिला, २३० व्होल्ट एसी दिले. मग साधी इन्सुलेशनची एक वायर घेतली, ट्रान्सफॉर्मरला कुठेही न जोडता नुसती त्या भोकातून दहा वेळा ओवली आणि तिची दोन टोकं मल्टिमीटरला लावली. मीटरवर ३.१ व्होल्ट. वीस वेळा ओवली, ६.२. पाच वेळा, दीड आणि वर थोडे. वायर सैल ओवली, घट्ट ओवली, बाहेरून लांब फिरवून आणली, आकडा हलत नाही. भोकातून एकदा आरपार गेली की एक वेढा झाला, आणि एका वेढ्याला ०.३१ व्होल्ट मिळाले, बस. (हे करून बघायची इच्छा झाली तर २३० व्होल्टची टोकं नीट झाकून, फ्यूज लावून आणि जाणकार माणूस शेजारी घेऊनच करा, भोकातली वायर निरुपद्रवी असते पण प्रायमरी नसते.)

हा प्रति वेढा व्होल्टेजचा आकडा म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा आत्मा आहे. एकाच कोरवर जेवढे म्हणून वेढे आहेत, मग ते प्रायमरीचे असोत, सेकंडरीचे (म्हणजे जिच्यातून वीज बाहेर घेतो त्या वाइंडिंगचे) असोत की मी हाताने ओवलेले असोत, प्रत्येकाच्या वाट्याला तेवढेच ०.३१ व्होल्ट. त्यावरून मी प्रायमरीचे वेढेही न उलगडता मोजले, २३० भागिले ०.३१, म्हणजे साधारण ७४० वेढे. १२ व्होल्ट हवे असतील तर ३९ वेढे घाला. ४६० हवे असतील तर प्रायमरीच्या दुप्पट घाला. वेढे जास्त तर व्होल्टेज जास्त, वेढे कमी तर कमी, यापलीकडे त्यात काही गूढ नाही.

पण मुळात भोकातून नुसती ओवलेली, कुठेही न चिकटलेली वायर व्होल्ट दाखवतेच कशी? याचं उत्तर इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेने २९ ऑगस्ट १८३१ ला शोधलं. त्याने लोखंडाच्या एका जाड कड्यावर दोन वेगवेगळ्या तारा गुंडाळल्या, एक बॅटरीला जोडली आणि दुसरी करंट दाखवणाऱ्या सुईला. त्याला वाटलं होतं बॅटरी चालू आहे तोवर सुई सरकलेली राहील. तसं झालं नाही. बॅटरी जोडली त्या क्षणी सुई हलली आणि परत जागेवर आली, बॅटरी काढली तेव्हा पुन्हा हलली, उलट्या बाजूला. मधल्या वेळात बॅटरीतून करंट वाहतोय, कड्यात चुंबकत्व भरलेलं आहे, पण दुसऱ्या तारेत काहीच नाही. म्हणजे चुंबकत्व असून भागत नाही, ते बदलत राहायला हवं. एसी विजेत करंट सतत पुढे-मागे होत असतो, ५० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्या, त्यामुळे कोरमधलं चुंबकत्वही सतत चढतं-उतरतं-उलटतं, आणि त्या कोरभोवती जो कोणी वेढा असेल त्यात व्होल्टेज उठतं. प्रायमरी आणि सेकंडरी यांच्यात तारेची कसलीही गाठ नाही, सगळी पॉवर या बदलत्या चुंबकीय क्षेत्राच्या हाताने पलीकडे जाते. शंभर मेगावॉट असले तरी असेच जातात. इतकी वर्षं झाली तरी मला या गोष्टीचं अप्रूप वाटायचं थांबलेलं नाही.

फॅरडेच्या कड्यानंतर वापरण्याजोगा ट्रान्सफॉर्मर यायला पन्नासएक वर्षं गेली. बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातल्या झिपेर्नोव्स्की, ब्लाथी आणि डेरी या तिघांनी १८८४-८५ मध्ये पूर्ण बंद कोरचा ट्रान्सफॉर्मर बनवला, आणि १८८६ च्या मार्चमध्ये अमेरिकेत विल्यम स्टॅन्लीने ग्रेट बॅरिंग्टन गावात ५०० व्होल्टची एसी रस्त्याने नेऊन दुकानांमध्ये १०० व्होल्टवर उतरवून दिवे लावले.

आता एक गोष्ट, जी फार कमी ठिकाणी नीट सांगितलेली असते. त्या टोरॉइडच्या प्रायमरीचा रेझिस्टन्स मीटरने मोजला तर १२ ओहमच्या आसपास. २३० व्होल्ट भागिले १२, म्हणजे १९ अँपिअर जायला हवेत, क्षणात फ्यूज उडायला हवा. प्रत्यक्षात सेकंडरीला काही जोडलेलं नसताना जातात फक्त काही मिलीअँपिअर. कारण प्रायमरीचे वेढेसुद्धा वेढेच आहेत ना, त्याच कोरभोवती आहेत, मग त्यांच्यातही प्रत्येकी ०.३१ व्होल्ट उठणारच, आणि ते उठतात आपण दिलेल्या व्होल्टेजच्या विरुद्ध. ७४० वेढ्यांचे मिळून जवळजवळ २३०. बाहेरून २३० ढकलतंय, आतून जवळजवळ २३० अडवतंय, उरतो तो किरकोळ फरक, आणि तेवढ्या फरकाने जेवढा करंट जाईल तेवढाच जातो. तो करंट फक्त कोरमधलं चुंबकत्व हलवत ठेवायच्या कामाला लागतो.

मग सेकंडरीवर लोड लावला की प्रायमरीला कळतं कसं, तार तर जोडलेली नाही? सेकंडरीतून करंट वाहायला लागला की तो स्वतःचं चुंबकत्व तयार करतो, आणि ते नेमकं मूळच्या चुंबकत्वाच्या विरोधात असतं. कोरमधलं चुंबकत्व थोडंसं दबतं, ते दबलं की प्रायमरीतला अडवणारा जोर थोडा ढिला पडतो, जोर ढिला पडला की बाहेरून जास्त करंट आत शिरतो, आणि तो करंट इतका वाढतो की सेकंडरीने दाबलेलं चुंबकत्व परत जवळजवळ होतं तिथे येऊन बसतं. हे सगळं एकाच वेळी होतं, कोणी स्विच दाबत नाही, कुठे सेन्सर नाही. पलीकडे एक दिवा जास्त लागला की अलीकडे तेवढ्यापुरता करंट वाढतो, दिवा बंद झाला की कमी होतो. आणि प्रायमरीचे वेढे गुणिले तिचा वाढीव करंट हे सेकंडरीचे वेढे गुणिले तिचा करंट याच्याइतकंच असावं लागतं, म्हणून जिकडे वेढे जास्त तिकडे करंट कमी. व्होल्टेज वाढलं तर करंट त्याच प्रमाणात घटतो तो यामुळे. पॉवर कुठून वाढत नाही, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. उलट थोडी कमीच होते.

याच ट्रान्सफॉर्मरला डीसी दिली तर? पहिला क्षण सोडला तर चुंबकत्व बदलत नाही, अडवणारं व्होल्टेज उठत नाही, आणि मग खरंच १९ अँपिअर जातात आणि वाइंडिंग जळतं. एवढं उघड नाही पण त्याच जातीचं संकट मोठ्या ग्रिडवर, म्हणजे विजेच्या लाइनच्या जाळ्यावरही येतं. १३ मार्च १९८९ ला सूर्यावरून आलेल्या चुंबकीय वादळाने कॅनडात क्वेबेकची ग्रिड दीड-दोन मिनिटांत कोसळली, जवळजवळ ६० लाख लोक सुमारे नऊ तास अंधारात. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हललं, त्यामुळे लांबलचक लाइनमध्ये आणि जमिनीत हळू बदलणारा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या दृष्टीने डीसीसारखाच करंट वाहायला लागला आणि तो अर्थिंगमधून ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमध्ये शिरला. कोरमध्ये चुंबकत्व मावायला मर्यादा असते, एकदा ते काठोकाठ भरलं की पुढे बदल होणार कसा? एसीची लाट तिथे जाऊन थडकली, तिचा आकार बिघडला, व्होल्टेज सांभाळणारी यंत्रं एकामागून एक बंद पडली आणि सगळी ग्रिड बसली.

मोठ्या ट्रान्सफॉर्मरबद्दल लोकांची अशी कल्पना असते की ४,००,००० व्होल्ट म्हणजे आत लाखो वेढे असतील. नसतात. प्रति वेढा व्होल्टेज तीन गोष्टींवर ठरतं, चुंबकत्व किती वेगाने बदलतंय, किती दाट आहे आणि कोर किती जाड आहे. वेग ५० हर्ट्झ ठरलेला. दाटपणा पोलादाच्या मर्यादेने ठरलेला, साधारण १.७ टेस्लापर्यंत (टेस्ला हे या दाटपणाचं माप) नेतात, २ च्या आसपास पोलाद भरून जातं. उरली जाडी. माझ्या टोरॉइडचा कोर कापला तर जेमतेम ९-१० चौरस सेंटिमीटर निघेल, तर वीजघराबाहेरच्या प्रचंड ट्रान्सफॉर्मरचा कोर अर्ध्या चौरस मीटरएवढा असू शकतो, आणि तेवढ्या कोरवर एकेका वेढ्याला १९० व्होल्टच्या आसपास मिळतात. म्हणजे ४,००,००० व्होल्टच्या लाइनसाठी, जिथे तीन तारांपैकी एकीच्या, म्हणजे एका फेजच्या वाट्याला सुमारे २,३१,००० व्होल्ट येतात, वेढे लागतात फक्त बाराशेच्या आसपास, आणि जनरेटरच्या २१,००० व्होल्टच्या बाजूला एकशेदहा-बारा. हाताच्या मुठीतल्या ट्रान्सफॉर्मरला ७४० आणि घराएवढ्या ट्रान्सफॉर्मरला १२००! हे गणित मी पहिल्यांदा कागदावर केलं तेव्हा दोनदा तपासून पाहिलं होतं. मोबाईलचा चार्जर इतका छोटा का, याचंही उत्तर इथेच आहे, तिथे आधी विजेची हजारो हर्ट्झची एसी करतात, बदलाचा वेग इतका वाढला की कोर नखाएवढा असला तरी पुरतो.

कोर अखंड लोखंडाचा का नसतो? कारण लोखंडातूनही वीज वाहते, आणि बदलत्या चुंबकत्वाला तांब्याचा वेढा आणि लोखंडाचा ठोकळा यात फरक कळत नाही. अखंड ठोकळा म्हणजे आतल्या आत एकात एक बसलेले असंख्य वेढे, सगळे शॉर्ट केलेले. त्यांच्यात भोवऱ्यासारखे करंट फिरतात आणि ठोकळा तापतो. म्हणून कोर पातळ पत्र्यांचा करतात, एकेक पत्रा ०.३ मिलिमीटरच्या आसपास, प्रत्येकावर इन्सुलेशनचा थर, आणि पोलादात साधारण ३ टक्के सिलिकॉन घालतात म्हणजे त्याचा रेझिस्टन्स वाढतो. जुन्या रेडिओतला ट्रान्सफॉर्मर उघडला असेल तर त्या इंग्रजी ई आणि आय अक्षरांसारख्या पत्र्यांची चळत आठवत असेल, हात काळे करणारी. आणि ट्रान्सफॉर्मर जो गुणगुणतो ना, तो आवाज याच पत्र्यांचा. चुंबकत्व भरलं की पोलादाची लांबी अगदी किंचित बदलते, एका फेरीत चुंबकत्व दोनदा शिगेला जातं, एकदा या दिशेला एकदा त्या, म्हणून ५० हर्ट्झच्या विजेवर पत्रे सेकंदाला १०० वेळा थरथरतात. तो आवाज ऐकून लोक घाबरतात पण एकसुरी गुणगुण ही ठीक असल्याची खूण आहे. मध्येच तडतड, बुडबुड किंवा आवाजात अचानक फरक ऐकू आला तर मात्र लांब राहून लगेच कळवावं.

मोठे ट्रान्सफॉर्मर ९९ टक्क्यांहून जास्त पॉवर पलीकडे देतात, यंत्रांमध्ये याला फार थोडे प्रतिस्पर्धी आहेत. तरी ५०० मेगावॉटचा अर्धा टक्का म्हणजे २५०० किलोवॉट, हजार वॉटच्या अडीच हजार इस्त्र्या एका टाकीत चालू असल्यासारखं. म्हणून सगळं वाइंडिंग तेलात बुडवलेलं असतं, तेल उष्णताही नेतं आणि इन्सुलेशनही करतं, बाहेरचे ते उभे पंखांसारखे भाग म्हणजे तेल थंड करायचे रेडिएटर. तेलाचा शत्रू पाणी. म्हणून ट्रान्सफॉर्मर ज्या नळीतून श्वास घेतो (तेल तापून फुगलं की हवा बाहेर, थंड झालं की आत) तिच्या तोंडाशी सिलिका जेलचे दाणे भरलेली काचेची बरणी असते. दाणे कोरडे असताना निळे, ओल शोषली की गुलाबी. सबस्टेशनमधला माणूस येताजाता आधी तिकडे बघतो ते त्यासाठी. हल्ली नारिंगी दाणेही असतात, ते ओलीने हिरवट होतात.

लाइनवरचा प्रवास मग असा होतो, की जनरेटरमध्ये ११ ते २५ हजार व्होल्टच्या दरम्यान वीज तयार होते कारण फिरत्या यंत्रात त्याहून जास्त इन्सुलेशन बसवणं अवघड, बाहेर पडताच ट्रान्सफॉर्मर ती २,२०,००० किंवा ४,००,००० किंवा ७,६५,००० वर नेतो, शेकडो किलोमीटर गेल्यावर मोठ्या सबस्टेशनात एक पायरी खाली, मग आणखी खाली, आणि शेवटी खांबावरचा तो आपला ओळखीचा, ज्याला कोणी डीपी म्हणतं आणि कागदोपत्री रोहित्र, तो ११,००० व्होल्टवरून घरातल्या २३० वर आणतो. पायऱ्या यासाठी की जेवढं अंतर आणि जेवढा भार तेवढंच व्होल्टेज परवडतं. मग लाइन थेट १ कोटी व्होल्टवर का नेत नाहीत? कारण तारेभोवतीची हवाच फुटायला लागते. दमट रात्री मोठ्या लाइनखाली उभं राहिलं की जो सर्रर्र आवाज येतो तो त्याचाच, त्याला कोरोना म्हणतात आणि त्यातही पॉवर जाते. एकाऐवजी दोन, चार, सहा तारा जवळजवळ बांधून त्यांचा जुडगा करतात ते हे कमी करायला.

आता यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग, आणि हा कृपया घरातल्यांनाही सांगा. वर जे सगळं लिहिलं त्यात कुठेही असं आलं नाही की वीज फक्त एकाच बाजूने जाऊ शकते. येणारच नाही, कारण वेढ्यांना प्रायमरी कोण आणि सेकंडरी कोण हे माहीतच नसतं. ज्या बाजूने वीज दिली ती प्रायमरी. खांबावरचा ट्रान्सफॉर्मर ११,००० चे २३० करतो, तसा खालून २३० दिले तर वर ११,००० करतो, तितक्याच इमानदारीने.

हे कधी होतं, तर लाइट गेल्यावर. कोणीतरी छोटा जनरेटर आणतो, आणि चेंजओव्हर स्विच न बसवता दोन्हीकडे पिन असलेली वायर करून सरळ घरातल्या सॉकेटमध्ये खुपसतो, मेन स्विच चालूच राहिलेला असतो. घरातले दिवे लागतात, काम झालं असं वाटतं. पण तीच वीज मीटरमधून बाहेर पडते, खांबापर्यंत जाते, ट्रान्सफॉर्मरच्या २३० च्या बाजूला शिरते आणि वरच्या तारांवर ११,००० होऊन उभी राहते. बऱ्याचदा आजूबाजूच्या घरांचा भार अंगावर येऊन जनरेटर तिथेच गुदमरून बंद पडतो, म्हणून लोकांना वाटतं काही होत नाही. पण शेजारी भार कमी असेल किंवा बाकीचे फ्यूज काढून ठेवलेले असतील तर तो चालत राहतो. आणि नेमक्या त्या वेळी, लाइन मेलेली आहे या भरवशावर, एक लाइनमन खांबावर चढलेला असतो. सबस्टेशनमधून लाइन बंद केल्याचं परमिट त्याच्या खिशात असतं. नियम असा आहे की तार तपासल्याशिवाय आणि दोन्ही बाजूंनी अर्थिंगची साखळी टाकल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि तो नियम याच कारणासाठी आहे, तरी पाऊस पडत असतो, अंधार असतो, खालून लोक वीज कधी येणार म्हणून ओरडत असतात.

चेंजओव्हर स्विच ही अगदी साधी गोष्ट आहे. त्याचा दांडा एका वेळी एकाच बाजूला बसतो, एक तर घर बाहेरच्या लाइनला जोडलेलं असेल नाहीतर जनरेटरला, दोन्हीला एकदम कधीच नाही. जनरेटर घेतला असेल तर तो स्विच लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिशियनकडून आधी बसवून घ्या, जनरेटर नंतर चालू करा. आणि दोन्हीकडे पिन असलेली वायर घरात कुठे दिसली तर ती आजच कापून टाका.